नळीवर नाव कुणाचं?

बंदुकीच्या तोंडाला सायलेन्सर लावला की नुसता ‘फुस्स’ असा आवाज येतो, ही समजूत आपल्याला सिनेमानं करून दिली आहे. मी धातुशास्त्राचा मास्तर. त्यामुळे मूल, सिंदेवाहीकडे गेलो की धानाच्या बांध्यांवर रात्र रात्र जागणारे शेतकरी मला कधी कधी विचारतात, “सर, परदेशातले शिकारी रायफलला टायटॅनियमचं नळकांडं लावतात म्हणे. रानडुकराला आवाजच येत नाही. खरं का? आणि टिकतं किती ते?”

आधी कायद्याचं सांगून टाकतो. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हौशी शिकार संपली. पिकाची नासाडी करणाऱ्या रोही किंवा रानडुकरासाठी वन खात्याची परवानगी मिळू शकते, पण ती लेखी आणि अटींसह. सायलेन्सरचं तर नावच काढू नये. शस्त्र नियमांच्या यादीत आवाज किंवा ज्वाळा कमी करणारी साधनं पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक वर्गात आहेत. ज्याच्याकडे बंदुकीचा परवाना आहे त्यालाही ती ठेवता येत नाहीत.

मग त्यावर बोलायचं कशाला? कारण ‘टिकतं किती’ या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न आहे आणि तो आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या घराघरांतला आहे. नळी फुटली तर जबाबदार कोण?

हे नळकांडं काय करतं ते आधी पाहू. गोळी नळीबाहेर पडते तेव्हा तिच्यामागे तापलेला वायू हवेच्या काही शे पट दाबानं कोंडलेला असतो. तो एकदम मोकळा झाला की धडाका होतो. सायलेन्सरमध्ये एकामागे एक भोकाच्या चकत्या बसवलेल्या असतात. गोळी भोकातून सरळ जाते. वायू मात्र प्रत्येक कप्प्यात अडतो, फिरतो, थोडा निवतो आणि हळूहळू बाहेर येतो. मोटारसायकलच्या सायलेन्सरचीही कल्पना तीच. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन अभियंत्यानं १९०९ साली याचं पेटंट घेतलं आणि गाड्यांच्या सायलेन्सरवरही त्यानं काम केलं. गंमत अशी की, त्याच्या वडिलांनी मशीनगन शोधली होती. बापानं आवाज वाढवला, मुलानं तो कमी केला.

तरीही आवाज जात नाही. मोठ्या रायफलचा बार १६० डेसिबलच्या आसपास असतो, तो वीस-तीसनं उतरतो. कानाला इजा व्हायची ती कमी होते, एवढंच. शिवाय रायफलची गोळी सेकंदाला आठशे-नऊशे मीटर जाते आणि आवाज जातो ३४० मीटरच्या आसपास. आवाजापेक्षा वेगानं जाणाऱ्या गोळीचा स्वतःचा ‘तडाक्’ वाटभर होतच राहतो, त्याला कुठलंच नळकांडं अडवू शकत नाही. रानडुकराचे कान तर आपल्यापेक्षा तिखट!

आता टायटॅनियम. हा माझ्या आवडीचा धातू. पोलादाच्या जवळजवळ निम्म्या वजनाचा, गंजाला दाद न देणारा आणि ताकदीला चांगल्या पोलादाच्या पंगतीत बसणारा. सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम घातलेला त्याचा मिश्रधातू विमानांत वापरतात, मोडलेल्या हाडांत बसवतात. आपल्या शेजारी हैदराबादेत मिधानी हा सरकारी कारखाना असे मिश्रधातू तयार करतो. खांद्यावर रायफल घेऊन दिवसभर डोंगर चढणाऱ्या नॉर्वे-फिनलंडच्या शिकाऱ्याला नळीच्या टोकाचं वजन पाव-अर्धा किलोनं कमी झालं तर ते हवंच असतं.

पण या धातूचं एक दुखणं आहे. तो वितळतो १६६८ अंशांना, म्हणून लोकांना वाटतं की उष्णतेत तो पोलादाहून टणक असेल. तसं नाही. चारशे अंशांच्या पुढे त्याची ताकद झपाट्यानं उतरते. दिवसात एक-दोन बार टाकणाऱ्या शिकाऱ्याचं नळकांडं पिढीभर टिकेल. तेच एखाद्यानं चांदमारीवर भराभर चाळीस-पन्नास बार टाकून लाल केलं, तर नळीला सर्वांत जवळ असलेली पहिली चकती झिजू लागते. दारूचे न जळलेले कण तिच्यावर आदळतात, टायटॅनियमचे बारीक कण उडतात आणि ते पांढऱ्या ठिणग्या होऊन जळतात. अंधारात ते फुलबाजीसारखं दिसतं. ती फुलबाजी म्हणजे आपलंच नळकांडं खर्ची पडत असतं.

दुसरा धोका जोडकामाचा. तापलेला टायटॅनियम हवेतला प्राणवायू आणि नत्रवायू शोषून घेतो आणि ठिसूळ होतो. म्हणून त्याचं वेल्डिंग आरगॉन वायूच्या आडोशाला करावं लागतं. जोडाचा रंग चंदेरी राहिला तर काम चांगलं. निळसर किंवा राखाडी पांढरा झाला तर समजावं, कारागिरानं घाई केली. तिसरा धोका आट्यांचा. आटे केसभर तिरके पडले की गोळी चकतीला घासते आणि एका बारात सगळा खेळ आटोपतो.

यातलं काहीही गिऱ्हाइकाला बाहेरून दिसत नाही. दिसतं ते नाव आणि क्रमांक. अमेरिकेत १९३४च्या कायद्यापासून प्रत्येक सायलेन्सरची सरकारदरबारी नोंद होते. त्यावरचा दोनशे डॉलरचा कर २०२६च्या जानेवारीपासून शून्यावर आला, पण क्रमांक आणि नोंद राहिली. कित्येक कंपन्या ‘आयुष्यभराची हमी’ छापतात. मला या शब्दाची नेहमी मौज वाटते. आयुष्य कुणाचं? वस्तूचं, गिऱ्हाइकाचं, की कंपनीचं? लहान कंपनी पाच वर्षांत बंद पडली की हमीही तिच्याबरोबर जाते. आणि हमीपत्राच्या बारीक अक्षरांत अटी असतात: नळी अमुक इंचांपेक्षा आखूड नको, बार यापेक्षा भराभर नकोत. प्रामाणिक कारखानदार या अटी ठळक छापतो. निदान भांडायला समोर कुणीतरी असतं, हे खरं.

आता आपल्याकडे येऊ. गडचिरोलीच्या जंगलपट्टीतली भरमार बंदूक आपण ऐकून आहात. तोंडाकडून दारू भरायची, गजानं ठासायची, वर छर्रे. गावोगावच्या लोकांनी अशा कितीतरी बंदुका पोलिसांकडे जमा केल्या आहेत. फुटलेली एक भरमार मी एकदा हातात घेऊन पाहिली. नळी म्हणजे साधा पाइप, लांबीभर जोड असलेला. आणि ती फुटली होती नेमकी त्या जोडावर, बुडाशी, म्हणजे बार टाकणाऱ्याचा गाल जिथे असतो तिथे. पाण्याच्या पाइपाला पाण्याचा दाब सोसायचा असतो, त्यानं तो सोसलाही असता. दारूचा स्फोट सोसायला तो केलेलाच नव्हता.

त्यात काळ्या दारूची राख ओल धरते. गडचिरोलीचा पावसाळा आपण जाणता. बंदूक न धुता आढ्याला खोचून ठेवली की नळी आतून खात जाते. बाहेरून तेल लावून चकचकीत, आतून चाळण. आणि कुणी त्यात काळ्या दारूऐवजी काडतुसातली आधुनिक दारू ओतली, तर मग देवच तारी.

कारखान्यात बनलेल्या बंदुकीचं काय होतं पाहा. परवान्यावर मिळणारी ३१५ बोअरची रायफल पश्चिम बंगालमधल्या इशापूरच्या सरकारी कारखान्यात होते. विक्रीपूर्वी बंदुकीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून पाहतात आणि ती टिकली तरच नळीवर ठसा उमटवतात. १९५९च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलम तर सांगतं की ज्या बंदुकीवर करणाऱ्याचं नाव, क्रमांक किंवा ओळखखूण नाही, ती विकताच येणार नाही. आणि खूण नसलेली बंदूक कुणाजवळ सापडली, तर ती त्यानंच खोडली असं कायदा धरून चालतो. उलट सिद्ध करणं त्याच्याकडे. म्हणजे पाहा, भरमार फुटली तर गाल शेतकऱ्याचा जातो आणि सापडली तर आरोपही त्याच्यावर. ज्यानं तो पाइप कापून विकला, तो चित्रात कुठेच नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं सदोष वस्तूबद्दल उत्पादकाला भरपाई द्यायला लावण्याची सोय केली आहे, पण दावा लावायला आधी नाव तर हवं! रानडुकरासाठी तारेत सोडलेल्या चोरट्या विजेचंही तेच. तिथे तर माणूसच मरतो, कधी वाघ.

जाता जाता एका बंदुकीबद्दल सांगितलं पाहिजे, जी आपल्या जंगलात रीतसर चालते आणि जवळजवळ आवाज करत नाही. ती म्हणजे गुंगीचं इंजेक्शन मारणारी बंदूक. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात तेरा माणसांचा जीव घेतलेला सीटी-१ वाघ बेशुद्ध करून पकडला, तो अशाच इंजेक्शननं. यात दारूचा स्फोट नसतो, कार्बन डायऑक्साइडचा दाब असतो. निर्माता अंतर आणि दाबाचा तक्ता देतो: वाघ इतक्या मीटरवर, तर काटा इतक्यावर. तो तक्ता खरा ठरतो काटा खरा असेल तोवर, आणि रबरी कड्या गच्च बसत असतील तोवर. कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूप राहूच शकत नाही. मग बाटलीतला दाब तापमानाबरोबर चढत जातो. चंद्रपूरचा मे महिना ४५च्या पुढे जातो. रबर कडक होतं, भेगाळतं. दाब कमी पडला तर सुई अलीकडे पडते आणि वाघ बिथरतो. जास्त झाला तर सुई मांसात थांबण्याऐवजी हाडाला लागते. दोन्ही वेळा झाडाआड उभ्या असलेल्या वनरक्षकाच्या जिवाशी गाठ.

म्हणून माझं म्हणणं असं की, अशा बंदुकीच्या खरेदीच्या कागदावर नुसती किंमत नको. रबरी कड्या दरवर्षी कोण बदलणार, काटा कोण तपासणार, सुटे भाग किती वर्षं मिळणार आणि या उन्हात चालेल असं लिहून कोण देणार, हे त्यावर हवं. आणि मोहिमेच्या सकाळी पेंढा भरलेल्या पोत्यावर दोन बार टाकून, बंदुकीचा क्रमांक, तारीख, अंतर आणि दाब वहीत लिहावा. दहा मिनिटांचं काम आहे. पुढे काही बिघडलं तर ती वही घेऊन निर्मात्याच्या दारात जाता येतं.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)