ट्रंकेतला कागद

दिवाळीपूर्वीच्या आवराआवरीत घरातून काय निघेल याचा नेम नाही. 2019 साली आमच्या शेजारच्या वहिनींना एक घडी घातलेला कागद सापडला आणि तो घेऊन त्या थेट आमच्या ओट्यावर आल्या. आम्ही अकोल्याच्या जठारपेठेत राहतो. मी निवृत्त मास्तर. त्यामुळे आळीत इंग्रजी कागद कोणाच्याही घरी येवो, तो वाचून दाखवण्याचा मान माझा!

"मास्तर, यात काय लिवलं हाय ते सांगा जी," वहिनी म्हणाल्या. "यायले इचारलं तं म्हणतात, ठेवून दे, त्यात काही नाई."

त्यात पुष्कळ होते. वहिनींच्या यजमानांना आळीत सगळे भाऊ म्हणतात. सतरा वर्षे फौजेत शिपाईगिरी करून ते 2013 मध्ये घरी परतले. निघताना वैद्यकीय मंडळाने त्यांना तपासले, रक्तदाबाचा विकार आणि 30 टक्के अपंगत्व लिहिले. पण पुढे आणखी एक वाक्य लिहिले, की हा विकार लष्करी सेवेमुळे जडलेला नाही आणि सेवेमुळे बळावलेलाही नाही. का? तर तो शांततेच्या ठाण्यावर असताना सुरू झाला! एवढ्या एका वाक्यावर भाऊंचे अपंगत्वाचे पेन्शन नाकारले गेले होते. सहा महिन्यांत अपील करता येईल, असेही त्या पत्रात होते. भाऊंनी ते ट्रंकेत ठेवून दिले. सहा महिने नव्हे, सहा वर्षे!

"मोठ्या डाक्टरायनं लिवलं, मंग खरंच असन," भाऊ म्हणाले. हुकूम आला की सलाम ठोकायचा, ही सवय गणवेश उतरवला तरी सुटत नाही.

खरे सांगायचे तर मलाही प्रथम तसेच वाटले. पण जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केली, एका वकील मित्राला गाठले, आणि मग डोळे उघडले. 1982 चे नियम सांगत होते की, आपला आजार सेवेमुळे झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी सैनिकावर नाही. वाजवी शंका असेल तर तिचा फायदा सैनिकालाच द्यायचा. भरतीच्या वेळी ज्याच्या प्रकृतीत दोष नोंदलेला नाही, त्याला पुढे आजार जडला तर तो सेवेतच उद्भवला असे धरायचे. आणि मंडळाचे मत वेगळे असेल तर त्याने कारणे द्यायची.

हे नुसते पुस्तकातले बोल नव्हेत. सिग्नल्स दलातले शिपाई धरमवीर सिंग 1985 मध्ये भरती झाले आणि 1994 मध्ये फेफऱ्याच्या विकारामुळे 20 टक्के अपंगत्व लिहून त्यांना घरी पाठवण्यात आले. पेन्शन मात्र नाकारले. 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच नियमांचा आधार घेऊन त्यांच्या बाजूने निकाल दिला. मधली एकोणीस वर्षे मोजा! आणि योग पाहा, ज्या वर्षी भाऊंनी कागद ट्रंकेत टाकला, त्याच वर्षीचा हा निकाल.

असा वाद सगळीकडेच आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या अपिलांसाठी 1933 मध्ये स्वतंत्र मंडळ नेमले गेले, आणि त्याच्या निर्णयावर न्यायालयात दाद मागण्याची वाट 1988 च्या कायद्याने उघडली. आपल्याकडे सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा कायदा 2007 चा, आणि कामकाज 2009 पासून. मुंबईच्या खंडपीठाकडे महाराष्ट्र, गुजरात आणि गोवा येतात.

भाऊंचे उशिराचे अपील परत आले. मग 2020 मध्ये न्यायाधिकरणात अर्ज केला. विदर्भ एक्सप्रेसने मुंबईच्या खेपा झाल्या, मुलीच्या फीसाठी ठेवलेले पैसेही त्यात गेले. 2022 मध्ये निकाल भाऊंच्या बाजूने लागला. राम अवतार प्रकरणातल्या 2014 च्या निकालानुसार 30 टक्क्यांचे 50 टक्के धरले गेले.

पण थकबाकी मिळाली ती अर्जापूर्वीच्या तीन वर्षांचीच. तरसेम सिंग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये तशी मर्यादा घातली आहे. हक्क दर महिन्याला नवा होतो, पण झोपून काढलेली वर्षे परत येत नाहीत. हिशेब पाहा. शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के रक्कम मिळते. पगार 30,000 धरला तर 9,000 रुपये. त्याचे 50 टक्के म्हणजे महिना 4,500. भाऊंची 2013 ते 2017 ही चार वर्षे गेली. या हिशेबाने ते होतात 2,16,000 रुपये! ट्रंकेला कुलूप होते, पण चोरी आतच झाली.

प्रत्येक अर्ज मान्य होतोच असे मात्र नाही. मंडळाच्या सकारण मताला न्यायालये वजन देतात, आणि रजेवर घरी झालेल्या अपघाताचा सेवेशी संबंध दाखवावा लागतो. शिवाय 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आले आहेत. त्यानंतर फौज सोडणाऱ्यांनी ते पाहूनच पाऊल टाकावे. पण नकाराचे पत्र आले की तीन गोष्टी कराव्यात: पत्र पोचल्याची तारीख लिहून ठेवावी, मंडळाच्या अहवालाची प्रत मागावी, आणि सहा महिन्यांच्या आत पहिले अपील करावे.

पहिले वाढीव पेन्शन आले त्या दिवशी वहिनी चिवड्याचा डबा घेऊन आल्या. मी म्हटले, "वहिनी, आता ती ट्रंक भंगारात द्या."

"नाई जी," त्या म्हणाल्या, "ट्रंक राहू द्या. आता त्यात गोधड्याच ठेवतो. कागद आले का पयले तुमच्याकडं!"