घड्याळ आपलं, आकडे भाड्याचे

फिटनेस बँड मनगटावरून काढून उलटा केला की मागच्या बाजूला हिरवा दिवा लुकलुकताना दिसतो. हा रंग शोभेसाठी निवडलेला नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरवा प्रकाश भरपूर शोषून घेतं. हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक वाहिन्यांत रक्त येतं, प्रकाश जास्त शोषला जातो आणि परत फिरणारा उजेड किंचित कमी होतो. दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणात तो पुन्हा वाढतो. हा फरक असतो जेमतेम एक-दोन टक्क्यांचा, पण शेजारीच बसवलेला प्रकाशसंवेदक तो सेकंदाला कित्येक वेळा टिपतो, आतली चिप लाटेची शिखरं मोजते आणि पडद्यावर ‘७२’ उमटतं. अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अल्रिक हर्ट्झमन यांनी १९३०च्या दशकात या पद्धतीचा पाया घातला. पावलं मोजण्याची युक्ती तर त्याहून साधी. सिलिकॉनचा एक सूक्ष्म तुकडा हातासोबत हलतो, त्यामुळे विद्युतधारिता बदलते आणि त्या बदलाच्या ठेक्यावरून चिप पाऊल ओळखते.

या दोन्ही कामांना इंटरनेट लागत नाही, खातं लागत नाही आणि दरमहा पैसेही लागत नाहीत. ही गोष्ट आधी नीट लक्षात घेतली पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद तिच्याभोवती आहे.

लातूर जिल्ह्यातल्या देवणी, उदगीर, निलंगा अशा तालुक्याच्या गावांत पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे मैदानावर सोळाशे मीटरची वेळ लावत असतात. त्यांच्या मनगटावर बँड असलाच तर तो दीड-दोन हजारांचा, एकदाच पैसे मोजून घेतलेला. भारतातला बाजार वाढला तो अशा स्वस्त घड्याळांवर. आयडीसी या संस्थेच्या मोजणीनुसार २०२३ मध्ये देशात सुमारे १३.४ कोटी वेअरेबल उपकरणं बाजारात आली, त्यांत कानात घालायची उपकरणंही धरलेली आहेत. २०२४ मध्ये हा आकडा ११.९ कोटींवर घसरला. ज्याला घ्यायचं त्याने घेतलं आणि जुनं चालतंय तोवर नवं कोण घेणार? वस्तू एकदाच विकून भागत नाही असं दिसलं की धंद्याला भाड्याची वाट आठवते. भाड्याने काय द्यायचं, हा प्रश्न तेवढा उरतो.

अमेरिकेत बोस्टनच्या ‘व्हूप’ने त्याचं उत्तर सर्वांत रोखठोक दिलं. विल अहमद यांनी २०१२ मध्ये सुरू केलेली ही कंपनी आधी आपला पट्टा ५०० डॉलरला विकायची. २०१८ पासून तिने पट्ट्याची वेगळी किंमत लावणं बंद केलं आणि सदस्यत्व विकायला सुरुवात केली. या पट्ट्याला पडदाच नाही. जे काही कळायचं ते मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये, आणि अ‍ॅप चालणार सदस्यत्व असेपर्यंत. फिनलंडच्या ‘औरा’ने २०२१ मध्ये तिसऱ्या पिढीच्या अंगठीसोबत महिना ५.९९ डॉलरचं सदस्यत्व आणलं. ते न घेणाऱ्याला तीन ढोबळ गुण आणि थोडीफार माहिती दिसते, तपशील कुलपात राहतो. ‘आमच्याकडे असलं काही नाही’ ही ज्या गार्मिनची ओळख होती, तिनेही मार्च २०२५ मध्ये ‘कनेक्ट प्लस’ नावाची मासिक योजना काढली. जुन्या सोयी फुकटच राहिल्या, तरी महागडी घड्याळं घेतलेले लोक चिडलेच. उलट बंगळुरूच्या ‘अल्ट्राह्यूमन’ने आपल्या अंगठीला सबस्क्रिप्शन नाही, याचीच जाहिरात केली.

मुंबईत विशाल गोंडल यांच्या ‘गोकी’ने २०१४च्या सुमारास याच वाटेने एक वेगळा प्रयोग केला होता. बँडसोबत तिथे एक प्रशिक्षक मिळायचा, आणि वर्गणी होती ती त्या माणसाच्या सल्ल्याची. असा व्यवहार गिऱ्हाइकाला समजतो. माणूस वेळ देतो, त्याचे पैसे घेतो. पण आपल्याच हृदयाच्या ठोक्यांचा हिशेब पाहायला दरमहा पैसे मोजायचे म्हणजे स्वतःच्या विहिरीचं पाणी मीटर लावून विकत घेण्यासारखं आहे.

कंपन्यांचं म्हणणं असं की ठोके फुकटच आहेत, पैसे लागतात ते त्यातून अर्थ काढण्याचे. यात तथ्य आहे, आणि मेखही यातच आहे. उदाहरणार्थ ‘रिकव्हरी’ किंवा ‘रेडिनेस’ हा आकडा घ्या. तो काढताना दोन ठोक्यांमधलं अंतर मिलिसेकंदांत मोजतात. निरोगी हृदय घड्याळासारखं एकसुरी चालत नाही, श्वास आत घेताना थोडं घाईत असतं आणि सोडताना निवांत. या अंतरातली कमी-जास्त, झोप, विश्रांतीच्या वेळची नाडी आणि श्वासाचा वेग यांचं मिश्रण करून एक गुण दिला जातो. मिश्रणाचं प्रमाण कंपनी सांगत नाही. शिवाय दोन ठोक्यांतल्या अंतराची ही चंचलता माणसागणिक इतकी वेगळी असते की शेजाऱ्याच्या आकड्याशी तुलना करण्यात काही अर्थ नसतो. तुलना करायची ती स्वतःच्याच मागच्या काही आठवड्यांशी. म्हणजे पट्टा जितका जास्त काळ वापराल तितका तो उपयोगी आणि तितकंच त्याला सोडणं अवघड. बाहेर पडायचं बटण लपवणं हा नंतरचा भाग. खरी बेडी तुमच्याच जुन्या नोंदींची असते.

मे २०२५ मध्ये व्हूपच्या सदस्यांना या बेडीची जाणीव झाली. सहा महिन्यांहून जुन्या सदस्याला नवा पट्टा फुकट मिळेल असं कंपनीने पूर्वी सांगितलं होतं. नवा पट्टा बाजारात आला तेव्हा मात्र वेगळे पैसे भरा किंवा सदस्यत्व आणखी बारा महिने वाढवा, अशी अट पुढे आली. लोक इतके खवळले की काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली आणि ज्यांच्या सदस्यत्वाची बारा महिन्यांहून जास्त मुदत शिल्लक होती त्यांना पट्टा फुकट देण्याचं मान्य करावं लागलं. त्याहून कमी मुदत उरलेल्यांसाठी मुदत वाढवण्याची अट कायम राहिली.

कंपनीनेच दुकान आवरलं तर काय होतं, याचे दाखलेही आहेत. फिटनेस बँड बनवणारी ‘जॉबोन’ २०१७ मध्ये बुडाली. ‘पेबल’ घड्याळाच्या सेवा २०१८ मध्ये बंद झाल्या, तेव्हा हौशी प्रोग्रामरांनी स्वतःची पर्यायी सेवा उभारून ती घड्याळं जगवली. मायक्रोसॉफ्टने आपल्या बँडची आरोग्यसेवा ३१ मे २०१९ला थांबवली. निदान पात्र ग्राहकांना पैसे तरी परत दिले.

इतकं करून पट्ट्याचा उपयोग किती? पिट्सबर्ग विद्यापीठाच्या एका चाचणीत वजन कमी करू पाहणाऱ्या ४७१ तरुणांपैकी काहींना पट्टा दिला होता, काहींना नाही. दोन वर्षांनंतर पट्टेवाल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो घटलं होतं, बिनपट्टेवाल्यांचं जवळपास सहा किलो. ‘जामा’मध्ये २०१६ साली हा अभ्यास छापून आला. एका चाचणीवरून पट्टा निरुपयोगी ठरत नाही, पण पैसे भरले म्हणजे काम झालं या समजाला धक्का बसायला तेवढं पुरे.

या समजावर अर्थशास्त्रज्ञांनी बराच विचार केला आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके मालमेंडिअर यांनी अमेरिकेतल्या तीन जिमच्या ७,७५२ सदस्यांच्या नोंदी तपासल्या. महिन्याला सत्तर डॉलरहून जास्त भरणारी मंडळी सरासरी चार-साडेचार वेळाच फिरकत होती. एका फेरीला सतरा डॉलरहून जास्त पडत होते, आणि त्याच जिममध्ये दहा डॉलरला एक फेरी असा पास मिळत होता. शेवटची फेरी मारल्यावर सदस्यत्व रद्द करायला लोकांना सरासरी दोन महिन्यांहून अधिक काळ लागला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या लेखाच्या शीर्षकाचा आशय होता, जिमला न जाण्याचे पैसे. पुढे लिरान ऐनाव, बेन क्लोपॅक आणि नील महोनी यांनी लोकप्रिय सबस्क्रिप्शन सेवांच्या बाबतीत आणखी मजेशीर गोष्ट पकडली. बँकेने कार्ड बदलून दिलं आणि नवा नंबर भरायची वेळ आली की रद्द करणाऱ्यांची संख्या एकदम उसळी मारते. म्हणजे सेवा नको झालेली असतेच, कुणी विचारलेलं नसतं इतकंच. या विसराळूपणामुळे विक्रेत्यांचं उत्पन्न सेवेनुसार १४ टक्क्यांपासून २०० टक्क्यांच्याही वर वाढतं, असा त्यांचा अंदाज आहे.

विसराळूपणावर इतकी कमाई होत असेल तर बाहेर पडायची वाट सरळ कोण ठेवेल? ती साधारण अशी असते. प्रोफाइल, मग सेटिंग, मग ‘मेंबरशिप’, मग ‘मॅनेज’. तिथे तुमची आजवरची प्रगती वाया जाईल असा इशारा. मग एका महिन्याची सवलत. मग सोडण्याचं कारण विचारणारा फॉर्म. मग ‘राहू दे’चं मोठं रंगीत बटण आणि खाली करड्या अक्षरांत ‘तरीही रद्द करा’. काही ठिकाणी यानंतरही चॅटबॉट किंवा ई-मेल. अ‍ॅप मोबाइलमधून काढून टाकलं की सुटलो असं पुष्कळांना वाटतं. पैसे कापले जात राहतात. प्ले स्टोअरमधून घेतलेली वर्गणी तिथे जाऊनच थांबवावी लागते. अ‍ॅमेझॉनमध्ये प्राइम रद्द करण्याच्या अशा वाटेला कर्मचाऱ्यांनी ‘इलियड’ हे नाव ठेवलं होतं, होमरच्या युद्धकाव्यावरून. अमेरिकेच्या व्यापार आयोगाच्या तक्रारीनुसार त्या वाटेत चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय होते. सप्टेंबर २०२५ मध्ये अडीच अब्ज डॉलरवर तडजोड झाली. पण ‘एका क्लिकवर घेतलं ते एका क्लिकवर सोडता आलं पाहिजे’ असा त्याच आयोगाचा सर्वसाधारण नियम त्या वर्षीच्या जुलैत न्यायालयाने कार्यपद्धतीच्या मुद्द्यावर रद्द केला होता. जर्मनीत मात्र १ जुलै २०२२ पासून वेबसाइटवर ‘करार रद्द करा’ हे बटण ठेवणं बंधनकारक आहे.

भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ‘डार्क पॅटर्न’विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. तेरा प्रकारांच्या त्या यादीत ‘सबस्क्रिप्शन ट्रॅप’ नावानिशी आहे. रद्द करणं अशक्य किंवा किचकट करणं, पर्याय दडवणं, फुकट सेवेसाठी आधीच पैसे कापण्याची परवानगी घेणं हे सगळं त्यात बसतं. ‘नको, मला तब्येतीची पर्वा नाही’ या धर्तीचं, लाज आणणारं बटणही त्याच यादीत आहे. तत्त्वं चांगली आहेत. पण बटण शोधून दमलेल्या माणसाला त्या रात्री त्यांचा फारसा उपयोग नसतो.

त्याला उपयोगी पडते ती दुसरीकडची तरतूद. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे १ ऑक्टोबर २०२१ पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांची सूचना किमान २४ तास आधी ग्राहकाला द्यावी लागते आणि तो व्यवहार किंवा सगळीच परवानगी रद्द करण्याची सोय ठेवावी लागते. यूपीआय वापरत असाल तर अ‍ॅपमधल्या ‘ऑटोपे’त कुणाला किती रुपयांची परवानगी दिली आहे त्याची यादी दिसते आणि तिथूनच ती काढून घेता येते. कंपनीच्या चॅटबॉटची विनवणी करावी लागत नाही. नळ आपल्याच बँकेत बंद होतो. मात्र वर्षभराचा करार केला असेल तर उरलेल्या महिन्यांचा दावा यामुळे आपोआप मिटत नाही, म्हणून रद्द करत असल्याचं लेखी कळवणंही गरजेचं. आणि त्याआधी आपल्या नोंदी उतरवून घ्याव्यात. व्हूप आणि फिटबिट दोन्हीकडे ती सोय आहे. माहिती वापरू देण्याची संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे असं २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही सांगतो, पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यांतली मुख्य कलमं लागू व्हायला अठरा महिन्यांची मुदत आहे.

असं मोजमाप भाड्याने घेणं कुठे परवडतं हे पाहायचं तर पुन्हा देवणीकडे यावं. देवणीचं नाव देशभर पोचलं ते मात्र माणसांच्या नाही, गाईच्या तब्येतीमुळे. वानेरा, बालंक्या आणि शेवेरा अशा तीन रंगरूपांची ही देवणी जात दुधाला आणि शेतकामाला दोन्हीकडे चालते. गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते, माज दिवसभराच्या आत ओसरतो आणि तो हुकला की तीन आठवडे गेले. माजावरची गाय नेहमीपेक्षा कितीतरी जास्त चालते, हे पायाला पावलं मोजणारं यंत्र बांधून १९७७ मध्येच दाखवलं गेलं. बंगळुरूच्या ‘स्टेलअ‍ॅप्स’ने ‘मूऑन’ नावाचं असं पायातलं यंत्र बनवलं आहे. न्यूझीलंडच्या ‘हाल्टर’ कंपनीचे गळपट्टे तर दर जनावरामागे मासिक भाड्यानेच मिळतात. दूधधंद्यात एक हुकलेला माज किती रुपयांना पडतो हे शेतकऱ्याला पैशा-पैशाने माहीत असल्याने तिथे भाडं परवडतं की नाही याचा हिशेब स्वच्छ मांडता येतो. ‘रिकव्हरी ६१ टक्के’ या आकड्याचा तसा हिशेब मांडून दाखवणारा माणूस विरळा.

पट्ट्याच्या वर्गणीबद्दल तक्रार करायचीच झाली तर देवणीच्या ग्राहकाला बंगळुरू गाठावं लागत नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार राहतो तिथल्या जिल्हा आयोगात, म्हणजे लातूरला, दाद मागता येते; पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या अर्ज करता येतो. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर मराठीतही बोलता येतं. सोबत लागतं ते बिल, पैसे कापल्याचे संदेश आणि रद्द करताना आडव्या आलेल्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट. गाडं अडतं ते कंपनीचं भारतात कार्यालयच नसलं तर. निकाल लागतो, वसुली होत नाही. पट्टा घेताना बिलावर भारतातल्या विक्रेत्याचं नाव आणि पत्ता आहे का, हे पैसे भरण्याआधी पाहिलेलं बरं.