दाराबाहेर बसलेली अम्मी

आमच्या धाकट्याला चार वर्षांपर्यंत बोलता येत नव्हते. हाक मारली तर वळून बघायचा नाही, पंख्याकडे मात्र तासन्‌तास बघायचा. कोणी म्हणाले नजर लागली, कोणी म्हणाले मुलगे उशिराच बोलतात. तावीज झाले, दर्गा झाला. त्या मायेच्या माणसांना आम्ही आजही हसत नाही, पण त्यात दोन वर्षे गेली. मग पुण्यात तपासणी झाली आणि डॉक्टरांनी सांगितले, हा स्वमग्न आहे, ऑटिझम.

लोणावळा ते पुणे ६४ किलोमीटर. आठवड्यातून दोनदा लोकलने दीड तास जायचे, पाऊण तास थेरपी आणि पुन्हा दीड तास परत. गाडीचा भोंगा वाजला की तो कान दाबून किंचाळायचा. केंद्रात पोहोचेपर्यंत मूल थकलेले आणि त्याची अम्मी त्याहून थकलेली. दार आतून बंद व्हायचे, ती बाहेर बाकावर बसायची. ‘आज काय केले?’ विचारले तर उत्तर ठरलेले, ‘छान बसला.’ आठ महिने फी भरली. एकदा दार अर्धवट उघडे राहिले, तेव्हा आत त्याच्या हातात मोबाइल दिसला.

त्याच केंद्राने आणखी एक सल्ला दिला होता : घरात एकच भाषा बोला, मराठी. आमच्या घरात दखनी बोलतात, शाळेत मराठी, मदरशात अरबी. दादीला दखनीखेरीज काही बोलता येत नाही. नातवाचे नुकसान नको म्हणून ती बिचारी त्याच्याशी बोलायचीच थांबली. सहा महिने घरात ती शांतता होती. पुढे दुसऱ्या वाचा-उपचार तज्ज्ञ बाईंनी हे ऐकून कपाळावर हात मारला. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलांचे बोलणे आणखी मागे पडते, असे संशोधनात दिसलेले नाही. ज्या भाषेत घर मायेने बोलते ती बंद करू नका, असे त्यांनी बजावले. दादी पुन्हा बोलू लागली. केंद्रात ‘पाणी’ शिकवत होते, तो पहिल्यांदा स्पष्ट म्हणाला, ‘पानी’.

म्हणून केंद्राची इमारत आणि रंगीत खेळणी बघून पैसे भरू नका. शिकवणाऱ्याची भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी विचारा, यात अपमान कसला? मुलाचे उद्दिष्ट लेखी मागा. मुंबईची जय वकील संस्था १९४४ पासून बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी काम करते. तिचा ‘दिशा’ अभ्यासक्रम राज्यातल्या विशेष शाळांत वापरला जातो, तोही प्रत्येक मुलाची चाचणी घेऊन त्याचे उद्दिष्ट ठरवतो. आणि मूल निवासी संस्थेत ठेवायचे असेल, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचे नोंदणीपत्र पाहिल्याशिवाय मुळीच ठेवू नका. घाटाखाली पनवेलमधल्या आश्रमातले अत्याचार २०११ साली उघडकीस आले, तिथल्या मुलींना सांगताही येत नव्हते.

याच कायद्याने ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला शेजारच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. ‘निरामय’ विम्यात स्वमग्न मुलांसाठी एक लाखापर्यंत संरक्षण मिळते, थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. जमातीत सामुदायिक निकाहसाठी निधी उभा राहतो, ते चांगलेच आहे. पण अशा आईच्या लोकलच्या पासाचा विषय आम्ही अजून कुठल्या बैठकीत ऐकलेला नाही.

आताच्या केंद्रात त्याची अम्मी आत बसते. काय करायचे ते तिला शिकवतात, त्यामुळे पुण्याच्या फेऱ्या महिन्यातून दोनच उरल्या. बाकी शाळा घरीच. काल त्याला मसूर आणि चणे वेगळे करायला दिले होते. तासभर लागला. रात्री दादीने तीच मसूर शिजवली, डाळीत दोन-तीन चणे निघाले. कोणी काही बोलले नाही.