खूण व्यासाची, प्रश्न जाडीचा

इंग्लंडमधल्या लिलावात शंभर वर्षांची दुनळी बंदूक आली, की ‘नळ्या मूळच्या’ एवढ्या उल्लेखाने तिचा भाव चढतो आणि ‘स्लीव्ह्ड’, म्हणजे जुन्या नळ्या कापून नव्या बसवलेली, या शेऱ्याने उतरतो. हा हिशेब मला उलटा वाटतो. नळीची जी दुरुस्ती उघड दिसते तिच्यावर निदान प्रश्न तरी विचारता येतात. न दिसणारी दुरुस्ती दर खेपेला थोडं पोलाद खाते आणि वर नळीला चकाकी देऊन जाते.

छर्‍यांच्या घर्षणापेक्षा गंजाने नळ्यांचं अधिक नुकसान केलं आहे. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. बार उडाला की त्याचा क्षार नळीत उरे आणि हवेतली ओल ओढून घेई. नळी वेळीच पाण्याने धुतली नाही तर पोलादाला खड्डे पडत. त्यावरचा जुना इलाज असा: काठीवर शिशाचा दट्ट्या ओतायचा, त्याला तेल आणि एमरीची पूड चोपडायची आणि खड्डे दिसेनासे होईपर्यंत तो नळीतून फिरवत राहायचा. नळी आरशासारखी होते, पण खड्डा बुजलेला नसतो. त्याच्या तळापर्यंत सगळी भिंत खरवडली गेलेली असते. बाहेरून पोचा आला असेल तर आत बेताचा लोखंडी गोळा सरकवून वरून पितळी हातोडीने हलके ठोके देत तो उठवतात. हे काम निष्णात हाताने केलं तर धातू फारसा जात नाही. पण पुढे तो भाग कानशीने ‘साफ’ केला, तर बाहेरूनही भिंत पातळ होते.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की बंदुकीवर प्रूफ हाऊसची, म्हणजे बंदुका जास्त दाबाचा बार उडवून तपासणाऱ्या संस्थेची, खूण आहे ना, मग चिंता कसली? लंडनच्या बंदूककारांच्या कंपनीला 1637 मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस 1813 च्या कायद्याने उभं राहिलं, आणि प्रूफ नसलेली किंवा प्रूफबाहेर गेलेली बंदूक विकणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. व्यवस्था भक्कम आहे, यात शंका नाही. पण ती खूण एका दिवसाची साक्ष देते. शिवाय ती बोलते व्यासाबद्दल. बारा बोअरचा नाममात्र व्यास .729 इंच, तो ठरावीक मर्यादेपलीकडे वाढला की बंदूक प्रूफबाहेर. भिंत किती उरली आहे, हे व्यासावरून कळत नाही. ते पाहायला जाडी मोजण्याचं वेगळं गेज लागतं. नळी तोंडाकडे निमुळती होत जाते आणि तिथे .020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर, ही धंद्यातली सावधगिरीची रेघ मानतात. दोन पोस्टकार्डं एकावर एक ठेवावीत, साधारण तेवढी. खजिन्यापुढच्या काही इंचांत दाब सर्वाधिक असतो, म्हणून तिथला लहानसा खड्डाही टोकाकडच्या मोठ्या खड्ड्यापेक्षा वाईट.

उघड दिसणारी दुरुस्ती म्हणजे स्लीव्हिंग. त्यात जुन्या नळ्या मागचा काही इंचांचा भाग ठेवून कापतात, तो भाग पोखरून त्यात नव्या पोलादी नळ्या बसवतात आणि मधल्या पट्ट्या पुन्हा डाखतात. मूळपण गेलं, ही तक्रार अर्धीच खरी आहे. बंदुकीच्या यंत्रणेशी हाताने जुळवलेला मागचा भाग जुनाच राहतो. तोल बिघडतो, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. नव्या नळ्या बाहेरून नीट उतरवल्या नाहीत तर हलकी बंदूक पुढे जड होते. पण हा दोष कारागिराचा, पद्धतीचा नव्हे. डमास्कस नळ्यांचं दुखणं निराळं. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, जोडून त्या बनत. नळ्या कापल्या तर त्यांची नक्षीच जाते. तिथे आतून पातळ पोलादी अस्तर बसवण्याची पद्धत उजवी ठरते, कारण नक्षी बाहेर तशीच राहते.

दोन्ही कामांनंतर बंदूक पुन्हा प्रूफला जाते. तिथे नेहमीच्या काडतुसापेक्षा जास्त दाबाचा बार उडवतात; त्यात ती टिकली नाही तर नुकसान मालकाचं.