लिलीच्या रंगाचे यकृत

भित्र्या मनुष्याची संभावना करताना इंग्रज त्याला ‘लिली-लिव्हर्ड’, म्हणजे लिलीच्या फुलासारखे पांढरेफटक यकृत असलेला, असे का म्हणतो, याचा उलगडा व्हावयास जुन्या वैद्यकाचे दफ्तर उघडावे लागते. जठरात पचलेले अन्न यकृतात येते आणि तेथेच त्याचे रक्त बनते, असे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेन या ग्रीक वैद्याने प्रतिपादिले. या मताचा अंमल युरोपात शतकानुशतके चालला, आणि ज्याच्या यकृतात रक्त मुबलक तो धीट, ज्याचे यकृत रक्तावाचून फिके पडले त्याची छाती कच्ची, असा हिशेब लोकमानसात ओघानेच रूढ झाला.

शेक्सपिअर याच समजुतीत वाढला. दहा हजारांचे सैन्य चालून आल्याची वर्दी देणारा नोकर भयाने पांढरा पडलेला पाहून मॅक्बेथ त्याला हेच विशेषण बहाल करतो, ‘किंग लिअर’मध्ये केंट ऑस्वल्डला जी शिव्यांची लाखोली वाहतो तीतही ते आहे, आणि ‘ट्वेल्फ्थ नाइट’मधील सर टोबी तर, सर अँड्र्यूला फाडून पाहिले तरी त्याच्या यकृतात पिसवेचा पाय अडकण्यापुरतेही रक्त निघावयाचे नाही, अशी बेलाशक ग्वाही देतो. 1628 साली विल्यम हार्वीने रक्ताभिसरणावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि यकृताची ही सनद खालसा होण्यास आरंभ झाला. शिवी मात्र बहाल राहिली.

शब्दाच्या शेवटी येणारा प्रत्यय भूतकाळाचा दिसला तरी येथे तो नामाला लागून ‘ते असलेला’ एवढेच सांगतो. नीलकंठ म्हणताच आपल्यासमोर शंकर उभा राहतो, तसाच हा बहुव्रीही; ही संज्ञा तर इंग्रजी व्याकरणकारांनी संस्कृतातूनच उचलली आहे.

नामापूर्वी योजताना दोन पदांत जोडरेघ द्यावी, आणि गंभीर मजकुरात, विशेषतः कज्जे-खटल्याच्या कागदांत, हा शब्द योजूच नये. कारण आज तो चाच्यांच्या आणि काउबॉयांच्या कथांत किंवा स्नेह्याची थट्टा करतानाच शोभतो. खाटकाकडे काळीज मागितले असता यकृतच मिळते आणि शूरालाही आपण वाघाच्या काळजाचा म्हणतो, त्यामुळे ‘पांढऱ्या काळजाचा’ असे भाषांतर करण्याचा मोह मराठी लेखकास होणे स्वाभाविक आहे. पण त्यातली चेष्टा पकडावयाची तर आपली ‘भागूबाई’च बरी.