छापलेल्या किडनीला पाणी कोण देणार?

शिरपूरकडचे माझे मामा आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी धुळ्याला जातात. मी घरी गेलो की त्यांचा प्रश्न ठरलेला : “काय रे, तुमच्या त्या प्रिंटरमधून किडनी कधी निघणार?” आज त्याचंच उत्तर.

पेशी छापणं आता जमतं. अवघड आहे ते त्यांना जगवणं. शरीरातल्या बहुतेक पेशी कुठल्या ना कुठल्या केशवाहिनीपासून 0.1 ते 0.2 मिलिमीटरच्या आत असतात. त्यापलीकडे ऑक्सिजन पुरेसा झिरपत नाही. त्यामुळे पातळ थर जगतो, पण जाड तुकड्याच्या मधल्या पेशी मरतात. ऐन मे महिन्यात जळगावच्या केळीबागेचं ठिबक बंद पडलं तर काय होईल, तसंच. बागेत मेन लाइन, सबमेन, लॅटरल आणि शेवटी ड्रिपर; शरीरात धमनी, तिच्या फांद्या आणि शेवटी केशवाहिन्या.

पण जेलीसारख्या मऊ पदार्थात पोकळ नळी छापली तर ती दबून जाते. मग? 2012 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जॉर्डन मिलर, ख्रिस्तोफर चेन आणि सहकाऱ्यांनी उलटा विचार केला. नळी छापायचीच नाही, साखर छापायची! होळीला आपल्याकडे साखरेचे हार-कंगन करतात ना? गरम पाक थंड झाला की कडक होतो आणि पाण्यात विरघळतो. त्यांनी हाच गुण वापरला. साखरेच्या काड्यांची जाळी छापली, तिच्यावर पॉलिमरचा पातळ थर दिला, भोवती पेशी मिसळलेलं जेल ओतलं आणि साखर विरघळवून टाकली. मागे उरल्या पोकळ वाटा. त्यांना आतून रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशी लावल्या. अशा वाटांमुळे जेलच्या गाभ्यातल्या उंदराच्या यकृतपेशीही काम करत राहिल्या.

म्हणजे मेन लाइन टाकता येते. ड्रिपरचं काय? केशवाहिनी जेमतेम 5 ते 10 मायक्रोमीटरची, साखरेची काडी तिच्या कितीतरी पट जाड. तिथे पेशींवरच भिस्त ठेवावी लागते. योग्य वातावरण मिळालं की त्या मोठ्या वाटेतून स्वतःच कोंब फोडतात. पण एका किडनीत सुमारे 10 लाख गाळण्या असतात आणि प्रत्येकीत केशवाहिन्यांचा गुच्छ. शिवाय हे जाळं शरीराच्या धमनीला जोडायचं आणि आत रक्ताची गुठळीही होऊ द्यायची नाही.

म्हणून मामांना खरं तेच सांगितलं : मामा, तुमच्यासाठी बसवता येईल अशी छापलेली किडनी आज कुठेच नाही. कुणी देतो म्हणालं तर पैसे देऊ नका. डायलिसिस चुकवू नका आणि प्रत्यारोपणाच्या यादीबद्दल डॉक्टरांशी बोला.

पुढच्या सुट्टीत ते पुन्हा विचारतीलच. विचारू देत.