दोन त्रिकोणांमधला सूर्य

सात-आठ वर्षांच्या कुठल्याही मुलाला ‘निसर्गचित्र काढ’ म्हणा. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या फटीत अर्धा सूर्य, खाली वळणं घेत येणारी नदी, कौलारू घर, नारळाचं झाड आणि आभाळात मराठी चारच्या आकड्याचे पक्षी. कोल्हापुरातलं मूल हे काढतं, नागपुरातलं काढतं आणि आंबिवलीतलंही. आता आंबिवलीच्या मुलाच्या दारात खरं काय आहे? शहाड सोडल्यावर लोकल जिच्यावरून धडधडत जाते ती उल्हास नदी, मोहन्याच्या बाजूला तिच्यात माजलेली जलपर्णी, बंद पडलेल्या एनआरसी कारखान्याचा विस्तीर्ण परिसर, रुळांवरचा पादचारी पूल. चित्रात यातलं काही नाही. नारळ मात्र हमखास.

मुलाचं लक्ष नसतं, असं नाही. व्हिक्टर लोवेनफेल्ड या कलाशिक्षणतज्ज्ञानं १९४७ सालच्या आपल्या पुस्तकात याचा उलगडा केला. या वयात मूल दिसतं ते काढत नाही, ठाऊक असतं ते काढतं. जमीन पायाखाली असते, म्हणून कागदाच्या तळाशी एक रेघ. आभाळ डोक्यावर असतं, म्हणून वरच्या कडेला निळा पट्टा. मधली जागा कोरी. ‘आभाळ खाली का आणलं नाहीस?’ असं विचारलंत तर मूल तुमच्याकडेच नवलानं बघेल. आभाळ खाली कसं येईल?

त्या कोऱ्या जागेत खरं तर हवा भरलेली असते, आणि हवेला रंग असतो! प्रकाशातला निळा भाग हवेचे रेणू जास्त विखुरतात. डोंगर जितका लांब, तितकी मधली हवा जास्त आणि तितका तो निळसर, फिकट. लिओनार्दो दा विंचीनं पाचशे वर्षांपूर्वी हे टिपून ठेवलं होतं. पाऊस उघडल्यावर कल्याणच्या टापूतून मलंगगडाकडे बघा. त्याच्यावरची झाडी हिरवी आहे हे ठाऊक असूनही डोंगर निळा दिसतो. ठाऊक असणं आणि दिसणं यांचं भांडण इथे उघड्यावर येतं. मोठमोठ्या चित्रकारांच्या शैली मुलांना दाखवायच्या त्या याच भांडणासाठी.

त्रिकोणापासूनच सुरुवात करू. जपानच्या होकुसाईनं १८३०च्या सुमारास फुजी पर्वताची ‘छत्तीस दृश्यं’ काढली. मागणी इतकी, की शेवटी ती सेहेचाळीस झाली. फुजी म्हणजे आयता त्रिकोण. पण एका चित्रात एक कारागीर तळ नसलेल्या भल्यामोठ्या पिंपात उभा राहून ते घडवतो आहे आणि त्या गोलातून फुजी दिसतो, नखाएवढा. हे चित्र पाहिलेल्या मुलाला विचारा, ‘तुझा डोंगर कशातून दिसतो?’ लोकलच्या खिडकीतून? पुलाच्या कठड्यातून? त्रिकोण तोच राहतो, पण बघणाऱ्याला उभं राहायला जागा मिळते.

मग वेळ. फ्रान्सच्या मोनेनं १८९०-९१मध्ये गव्हाच्या गंजींची पंचवीसेक चित्रं केली. ऊन सरकलं की हातातला कॅनव्हास बाजूला, दुसरा पुढे. यासाठी फ्रान्सला जायलाच हवं असं नाही. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून कोल्हापुरात परतलेले अबालाल रहिमान रंकाळा आणि कोटितीर्थाच्या पाण्यावरचा प्रकाश असाच न थकता रंगवत राहिले. १९३१ साली ते गेले. मोनेइतकं त्यांचं नाव मुलांच्या कानावर पडत नाही, ही मला लाजिरवाणी गोष्ट वाटते. उल्हासचं पाणी सकाळच्या शाळेला जाताना एका रंगाचं आणि संध्याकाळी दुसऱ्याच, हे एकदा दिसलं की निळ्या खडूनं नदी भरणं अवघड होऊन बसतं.

आणि इंग्लंडचा टर्नर! त्याच्या १८४४च्या चित्रात पाऊस, वाफ आणि थेम्सच्या पुलावरून अंगावर येणारी आगगाडी आहे. गाडी अशी नीट दिसतच नाही, वेग दिसतो. आपल्या कल्याणला रेल्वे पोचली ती त्यानंतर दहा वर्षांनी, १८५४ला. जुलैत पुलावरची लोकल ज्यानं पाहिली आहे त्याला टर्नर समजावून सांगावा लागत नाही.

चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षांत स्मरणचित्र असतं, संकल्पचित्र असतं, पण बाहेर बसून काढायच्या निसर्गचित्राचा पेपर नसतो. म्हणजे हे सगळं मार्कांच्या बाहेरचं. एका अर्थी बरंच आहे.

‘नक्कल करून मूल स्वतःचं विसरेल’ ही भीती पालकांना असते. नुसती व्हॅन गॉगची वेटोळी गिरवून घेतली तर ती खरीही ठरते. पण खुद्द व्हॅन गॉगनं १८८७मध्ये जपानच्याच हिरोशिगेचं पावसातल्या पुलाचं चित्र तैलरंगात उतरवलं होतं. चौकटीत जपानी अक्षरंही रंगवली, तीही दुसऱ्याच चित्रांतून उचलून. मूळ चित्रात हिरोशिगेचा पाऊस म्हणजे बारीक काळ्या रेघा. निरखून पाहिलं तर कळतं, त्या सगळ्या एका कलाने जात नाहीत. दोन वेगळ्या तिरकस दिशा एकमेकींवर छापल्या आहेत. म्हणून तर तो पाऊस हलतो. दुसरीतल्या मुलाला एवढंच सांगायचं: पट्टी दप्तरात ठेव, आणि मोहन्याच्या पुलावरचा पाऊस आज कुठल्या दोन बाजूंनी येतोय ते बघून ये.